माणसांआधी जागे होणारे जहाज : ‘एलियन’ची पहिली वीस मिनिटे

१/ #धागा
२५ मे १९७९. अमेरिकेतील निवडक चित्रपटगृहांत ‘एलियन’ नावाचा नवा चित्रपट लागला. बरोबर दोन वर्षांपूर्वी, २५ मे १९७७ रोजी, त्याच ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स कंपनीने ‘स्टार वॉर्स’ प्रदर्शित केला होता. तिकीट काढून आत बसलेल्या अनेकांना तोच उत्साह आणि तेच रणशिंग अपेक्षित असणार. त्यांच्या वाट्याला आला अंधार. त्यानंतर सुमारे पाच-सहा मिनिटे पडद्यावरचा एकही माणूस बोलला नाही.

२/ हा धागा त्या अबोल मिनिटांविषयी आहे, आणि त्यांच्या मागोमाग येणाऱ्या एका न्याहारीविषयी. ज्या राक्षसामुळे हा चित्रपट ओळखला जातो, तो या धाग्यात जवळजवळ नाहीच. चित्रपट पाहिला नसेल त्यांना आधीच सावध करतो : पुढे रहस्यभेद आहे. पाहून या, मग वाचा. धागा कुठे पळून जात नाही.

३/ इतिहासाच्या धाग्यात चित्रपट कशाला, असे काही जण विचारतील. विज्ञानपटातील भविष्यकाळ हा ज्या काळात तो चित्रपट बनला त्या काळाचा दस्तऐवज असतो, एवढेच उत्तर तूर्त पुरे. दस्तऐवज वाचताना आपण पहिले पान, मायना आणि शिक्का नीट पाहतो. चित्रपटाचा मायना म्हणजे त्याचे सुरुवातीचे प्रसंग.

४/ आधी पूर्वपीठिका. १९५६ सालचा ‘फॉरबिडन प्लॅनेट’ घ्या. पडदा उजळताच एक धीरगंभीर निवेदक सांगू लागतो की एकविसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मानव चंद्रावर उतरला. (प्रत्यक्षात तो अवघ्या तेरा वर्षांनी, १९६९ मध्येच उतरला. भविष्यवेत्त्यांचे हे असे होते.) मग दिसते एक तबकडीसारखे यान आणि त्यात गणवेशातील, हुद्द्यांच्या उतरंडीत उभे असलेले पुरुष. सगळे पुरुषच. नायक कोण हे विचारावे लागत नाही; जो हुकूम सोडतो तो नायक.

५/ १९६८ मध्ये स्टॅन्ली कुब्रिकने ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’त निवेदकाला रजा दिली. त्या चित्रपटात पहिला मानवी शब्द ऐकू येईपर्यंत जवळजवळ पंचवीस मिनिटे उलटतात. पण तिथले अवकाश स्वच्छ, शुभ्र आणि श्रीमंत आहे. प्रवासी यानावर पॅन ॲम विमानकंपनीचे चिन्ह, अवकाशस्थानकात हिल्टनची पाटी. प्रवास करणारा मनुष्य बडा अधिकारी. त्या यानाचे इंजिन कोण पुसतो, हा प्रश्न कुब्रिकला पडलेला दिसत नाही.

६/ हा प्रश्न पडला तो एका उपाशीपोटी लेखकाला. डॅन ओबॅनन. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात चित्रपट शिकत असताना त्याने जॉन कार्पेंटरबरोबर ‘डार्क स्टार’ नावाचा विद्यार्थी-चित्रपट सुरू केला आणि तो वाढत वाढत १९७४ मध्ये चित्रपटगृहांत आला. त्यातले अंतराळवीर दाढी-केस वाढलेले, कंटाळलेले, एकमेकांना विटलेले नोकरदार आहेत. परग्रहावरचा प्राणी म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर खेळायचा रंगवलेला फुगीर चेंडू, त्याला खाली नख्या लावलेल्या. पैसेच तेवढे होते.

७/ ‘डार्क स्टार’ हा विनोदी चित्रपट. प्रेक्षक पुरेसे हसले नाहीत. तेव्हा, हसवता येत नसेल तर याच गोष्टीने लोकांना घाबरवावे, असा विचार ओबॅननच्या मनात आला, असे तो पुढे सांगत असे. मधल्या काळात तो अलेहांद्रो होदोरोव्स्कीच्या ‘ड्यून’साठी पॅरिसला गेला. तो चित्रपट कधी बनलाच नाही. पण तिथे त्याला स्विस चित्रकार एच. आर. गीगर, फ्रेंच चित्रकार मोबियस आणि इंग्रज चित्रकार ख्रिस फॉस भेटले. खिसा रिकामा करून तो लॉस एंजेलिसला परतला आणि मित्र रोनाल्ड शुसेट याच्या घरी, त्याच्या कोचावर मुक्काम ठोकून लिहू लागला. आधी नाव होते ‘स्टार बीस्ट’. नंतर ‘एलियन’.

८/ त्या पटकथेला ओबॅननने एक टीप जोडली होती. तिचा आशय असा : जहाजावरील कोणतेही पात्र स्त्री वा पुरुष, कोणीही करू शकेल. टीप लहान, परिणाम मोठा. तिच्याकडे आपण परत येऊ.

९/ ‘स्टार वॉर्स’ने पैशांचा पाऊस पाडल्यावर फॉक्सला अवकाशाची आणखी एक गोष्ट तातडीने हवी होती आणि हातात ही संहिता होती. वॉल्टर हिल आणि डेव्हिड गायलर या निर्मात्यांनी ती पुन्हा लिहिली, पात्रांना रिप्ली, डॅलस, केन अशी नावे दिली. दिग्दर्शक म्हणून आला रिडली स्कॉट, जाहिरातपटांत मुरलेला इंग्रज, ज्याचा तोवर एकच चित्रपट झाला होता. त्याने स्वतःच्या हाताने प्रसंगांची चित्रे काढून दाखवली. ती पाहून कंपनीने अंदाजपत्रक सुमारे ४२ लाख डॉलरवरून ८४ लाखांवर नेले, असे सांगतात. हातात पेन्सिल असलेला दिग्दर्शक किती महाग पडतो पाहा.

१०/ आता पडद्याकडे वळू. काळे अवकाश. एका ग्रहावरून दृष्टी संथपणे सरकते. वरच्या बाजूला पांढऱ्या रेघोट्या उमटू लागतात. एक उभी, एक तिरकी. कशाच्या आहेत हे कळत नाही. दीड-दोन मिनिटांत त्या रेघा हळूहळू जुळून येतात आणि चित्रपटाचे नाव वाचता येते. ही रचना रिचर्ड ग्रीनबर्ग यांच्या संस्थेची. प्रेक्षकाला इथेच एक सवय लावली जाते : समोर काहीतरी आकार घेत आहे, ते काय आहे हे तुम्हाला उशिरा कळेल, आणि तोवर तुम्ही फक्त बघत राहा. पुढच्या संपूर्ण कथेची ही तालीम आहे.

११/ संगीताची गंमतही ऐकण्यासारखी. संगीतकार जेरी गोल्डस्मिथने सुरुवातीसाठी भव्य, काहीशी स्वप्नाळू सुरावट लिहिली होती; अवकाशाचे सौंदर्य आधी दाखवावे, भीती नंतर येऊ द्यावी, असा त्याचा विचार. स्कॉट आणि संकलक टेरी रॉलिंग्ज यांना ती नको होती. गोल्डस्मिथने चिडून नवी लिहिली. कुजबुज, फुंकर, दूरवरचे घुमणे. पहिलीला एक दिवस लागला आणि दुसरी पाच मिनिटांत झाली, असे तो पुढे कडवटपणे सांगे. गोल्डस्मिथ हा थोर संगीतकार, त्याचे दुःखही खरे. पण या जागी दिग्दर्शकाचे बरोबर होते, असे मला वाटते. पहिली सुरावट ऐकताना आपण प्रवासाला निघतो. दुसरी ऐकताना आपल्याला कळते की आपण नको तिथे पोहोचलो आहोत.

१२/ मग जहाज येते आणि त्याबरोबर एक छोटी माहितीपट्टी. ती अक्षरशः मालवाहतुकीच्या पावतीसारखी आहे. जहाजाचा प्रकार : व्यावसायिक ओढजहाज, म्हणजे बंदरात असतात तसला टग. नाव : नोस्ट्रोमो. कर्मचारी : सात. माल : २ कोटी टन खनिजावर प्रक्रिया करणारी रिफायनरी. मार्ग : पृथ्वीकडे परत. बस. ‘स्टार वॉर्स’च्या सुरुवातीला वर सरकत जाणारा मजकूर साम्राज्य, बंडखोर आणि राजकन्या यांची ओळख करून देतो. इथे माणसांची संख्या मालाच्या वजनाच्या वरच्या ओळीत लिहिलेली आहे, एवढीच काय ती माणसांची प्रतिष्ठा.

१३/ रिफायनरी ओढून नेणे ही कल्पना १९७९ च्या प्रेक्षकाला परकी नव्हती. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाची नाकेबंदी केली होती. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. इंधनाची दरवाढ आणि वेगमर्यादा यांविरुद्ध अमेरिकेतील ट्रकचालकांनी १९७३ च्या अखेरीस आणि १९७४ च्या आरंभी रस्ते रोखून धरले होते. त्या दशकात ट्रकचालक हा अमेरिकन पडद्यावरचा लोकनायकच झाला होता; १९७८ चा ‘कॉन्व्हॉय’ हे त्याचे ठळक उदाहरण. ‘नोस्ट्रोमो’वरचे सात जण म्हणजे अंतराळातले ट्रकवाले, असे या चित्रपटाचे वर्णन तेव्हापासून होत आले आहे. ते अगदी योग्य आहे.

१४/ आणि ते नाव! ‘नोस्ट्रोमो’ ही जोसेफ कॉनराडची १९०४ सालची कादंबरी. काल्पनिक दक्षिण अमेरिकी देश, तिथली चांदीची खाण, खाणीत गुंतलेले परदेशी भांडवल आणि नोस्ट्रोमो नावाचा गोदी कामगारांचा मुकादम. नावाचा अर्थ ‘आपला माणूस’. प्रत्येक संकटात मालक मंडळी त्याच्यावर विसंबतात, कारण तो विश्वासू आहे. त्या विश्वासाची किंमत मात्र त्याला कोणी देत नाही. स्कॉटचा पहिला चित्रपट ‘द ड्युएलिस्ट्स’ (१९७७) हाही कॉनराडच्याच कथेवर बेतलेला होता. जहाजाच्या अंगावर रंगवलेले हे एक नाव कथेचा अर्धा आशय सांगून जाते. ज्याने कॉनराड वाचला आहे त्याला.

१५/ जहाजाची प्रतिकृती इंग्लंडमधल्या ब्रे स्टुडिओत चित्रित झाली. हॅमर कंपनीच्या ड्रॅक्युला-फ्रँकेन्स्टाइन भयपटांचे ते जुने माहेरघर. आधी ती प्रतिकृती पिवळी रंगवली होती. स्कॉटने येऊन ती करडी करवली. कारागिरांच्या मनात काय आले असेल, ते त्यांच्यावरच सोडू.

१६/ आता आत शिरू. मार्गिका. ठेंगण्या छताच्या, नळ्या-तारांनी भरलेल्या, रिकाम्या. कॅमेरा सावकाश फिरतो, जणू रात्रपाळीचा पहारेकरी फेरी मारतो आहे. जेवणाच्या टेबलावर पाण्यात चोच बुडवणारे काचेचे खेळण्यातले पक्षी डुलत आहेत. कुठूनशी झुळूक येते आणि कागद फडफडतात. या दृश्यांत भीतीदायक असे काहीही नाही. तरी मान आखडते. का? कारण माणसांच्या खुणा सर्वत्र आहेत आणि माणूस कुठेच नाही. ओसाड वाड्यात शिरल्यावर चूल अजून गरम लागावी, तसे हे आहे.

१७/ थोडे विषयांतर. तो डुलणारा पक्षी चालतो बाष्पीभवनावर. ओल्या डोक्यावरचे पाणी उडते, डोके गार होते, आतल्या वाफेचा दाब घटतो, पोटातला द्रव वर चढतो आणि पक्षी पुढे कलतो. चोच पुन्हा ओली होते, चक्र सुरू राहते. पेल्यातले पाणी संपले की पक्षी थांबतो. मग दीर्घकाळ निद्रिस्त जहाजात तो पेला कोणी भरला? चित्रपट उत्तर देत नाही आणि मला वाटते दिग्दर्शकाने तो विचारही केला नसावा. पण चौथ्यांदा पाहताना मला हा प्रश्न पडला आणि त्या साध्या खेळण्याची उगाच भीती वाटू लागली.

१८/ हा परिसर खरा का वाटतो? कारण तो खऱ्या भंगारातून बांधला होता. कलादिग्दर्शक रॉजर ख्रिश्चन याने ‘स्टार वॉर्स’साठी जुन्या विमानांचे सुटे भाग वापरण्याची युक्ती केली होती, तीच इथे शेपर्टन स्टुडिओत आणखी जोमाने वापरली. मार्गिका आणि खोल्या एकमेकींना जोडून बांधल्या, वर छतही घातले. त्यामुळे नटांना खरोखरच त्या भुयारांतून वाट काढत आपल्या जागी पोहोचावे लागे. चेहऱ्यांवरचा कोंडलेपणा सगळाच अभिनयाचा नाही.

१९/ भिंतींवर छोटी रंगीत चिन्हे दिसतील. ती रॉन कॉबची. हा मूळचा व्यंगचित्रकार; लॉस एंजेलिसच्या बंडखोर वृत्तपत्रांत राजकीय चित्रे काढणारा. त्याने या जहाजासाठी चिन्हांची अख्खी लिपीच बनवली : कुठे हवेचा दाब आहे, कुठे नाही, शीतनिद्राकक्ष कुठे. बिअरच्या डब्यावर दिसणारे ‘वेलॅन-युतानी’ हे कंपनीचे नावही त्याचेच. डोळ्यांसमोर लेलँड आणि टोयोटा या मोटारकंपन्या होत्या. एक ब्रिटिश, जी १९७५ मध्ये सरकारला वाचवावी लागली. दुसरी जपानी, जी जग जिंकत निघाली होती. पात्रांच्या तोंडी हे नाव येत नाही. ती फक्त ‘कंपनी’ म्हणतात. ज्यांचे आयुष्य एकाच मालकाच्या हाती आहे, त्यांना मालकाचे नाव घ्यावे लागत नाही.

२०/ आणि मग धाग्याच्या शीर्षकातला क्षण. नियंत्रणकक्षातला एक पडदा आपोआप उजळतो. त्यावर अक्षरे धावू लागतात. समोर शिरस्त्राण आहे. त्याच्या काचेवर ती अक्षरे उमटतात. जिथे चेहरा हवा तिथे पोकळी. एक यंत्र जागे झाले आहे, त्याला कोणीतरी काही सांगते आहे, ते उत्तर देते आहे आणि हा संवाद ऐकायला रिकामी टोपी बसवली आहे. मग पुन्हा शांतता.

२१/ यानंतरच दिवे लागतात. पांढरा, निर्जंतुक कक्ष. पाकळ्या उमलाव्यात तशी शीतनिद्रेच्या पेट्यांची झाकणे उघडतात. पांढऱ्या अंतर्वस्त्रांतला एक माणूस सावकाश उठून बसतो. केन. नट जॉन हर्ट. (ही भूमिका आधी जॉन फिंचकडे होती, चित्रीकरणाच्या आरंभीच तो आजारी पडला.) अभ्यासक बार्बरा क्रीड यांनी या दृश्याला जन्माची उपमा दिली आहे : रक्ताशिवायचा, वेदनेशिवायचा, यंत्राने घडवलेला जन्म. जहाजाच्या संगणकाचे नाव ‘मदर’ आहे, हे लक्षात घेतले की उपमा ओढूनताणून वाटत नाही. याच केनच्या छातीतून पुढे जो दुसरा जन्म होतो, त्याच्याशेजारी हे दृश्य ठेवून पाहा.

२२/ इथे प्रेक्षकाची पहिली फसवणूक होते. जो पहिल्यांदा जागा होतो त्याच्याशी आपण आपसूक नाते जोडतो. दुसरी फसवणूक श्रेयनामावलीत झालेलीच आहे : पहिले नाव टॉम स्केरिटचे, म्हणजे कॅप्टन डॅलसचे. म्हणजे नायक एकतर हा, नाहीतर तो. सिगर्नी वीव्हर रंगभूमीवरची. ‘ॲनी हॉल’मध्ये ती क्षणभर दिसली होती. न्याहारीच्या टेबलावर रिप्ली आहे, पण कॅमेरा तिला काही विशेष मान देत नाही. सातांतली एक.

२३/ ती न्याहारी! माझ्या मते चित्रपटाचा कणा तो प्रसंग आहे. सगळे एकाच वेळी बोलतात, एकमेकांच्या बोलण्यात बोलतात, खातात, हसतात, सिगारेट ओढतात. टेबलावर मांजर आहे. कुणाच्याही तोंडी आपली ओळख करून देणारे वाक्य नाही. तरी दोन मिनिटांत आपल्याला कळते की पार्कर (याफेट कोटो) आणि ब्रेट (हॅरी डीन स्टँटन) हे तंत्रज्ञ एका बाजूला आहेत आणि अधिकारी दुसऱ्या. कशावरून कळते? बोनसवरून.

२४/ पार्कर म्हणतो, बोनसची वाटणी न्याय्य नाही. आम्हा दोघांना इतरांपेक्षा कमी मिळते. डॅलस उत्तर देतो, करारात लिहिले आहे तेवढे मिळेल. माणसे अंतराळाच्या अथांग पोकळीत झोपेतून उठली आहेत आणि त्यांचा पहिला वाद पगाराचा आहे. गिरणगावात ज्यांचे आजोबा-पणजोबा राबले, त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

२५/ आता तारखा जुळवू. चित्रीकरण जुलै ते ऑक्टोबर १९७८, शेपर्टन, इंग्लंड. त्याच इंग्लंडमध्ये जेम्स कॅलहॅन यांच्या सरकारने पगारवाढीवर ५ टक्क्यांची मर्यादा घातली होती. सप्टेंबर १९७८ च्या उत्तरार्धात फोर्ड कारखान्यांतील कामगारांनी ती धुडकावून संप पुकारला आणि नोव्हेंबरमध्ये सुमारे १७ टक्के वाढ मिळवली. जानेवारी १९७९ मध्ये मालमोटारींचे चालक संपावर गेले. तो हिवाळा ‘असंतोषाचा हिवाळा’ म्हणून ओळखला जातो. ३ मे १९७९ च्या निवडणुकीत मार्गारेट थॅचर यांचा पक्ष जिंकला. तीन आठवड्यांनी ‘एलियन’ पडद्यावर आला. संहिता आधीच लिहिलेली होती, त्यामुळे संपांनी चित्रपट घडवला असे मी म्हणणार नाही. पण पार्करचा आवाज त्या वर्षीच्या हवेतलाच आहे.

२६/ न्याहारी संपता संपता ॲश, म्हणजे विज्ञान अधिकारी (इयन होम), डॅलसला सांगतो की मदर तुला बोलावते आहे. डॅलस एकटा जातो. त्या खोलीत कुणालाही शिरता येत नाही. परत येतो तो बातमी घेऊन : आपण घराजवळ आलेलोच नाही, वाटेत एक अज्ञात संदेश मिळाला म्हणून जहाजाने आपल्याला उठवले आहे, आणि तपास करावा लागेल. पार्कर साफ सांगतो, हे व्यापारी जहाज आहे, बचावनौका नव्हे. जादा पैसे मिळत असतील तर करू. तेव्हा ॲश अत्यंत सौम्य आवाजात कराराचे कलम सांगतो : संदेशाची चौकशी केली नाही तर प्रत्येकाचा संपूर्ण वाटा जप्त. पार्कर गप्प बसतो.

२७/ चित्रपटात अजून एकही थेंब रक्त सांडलेले नाही. तरी माझ्या लेखी सात जणांचे भवितव्य इथे ठरते. ती माणसे शौर्याने त्या ग्रहावर उतरत नाहीत, कुतूहलानेही नाही. एकटा केन तेवढा आपणहून पहिल्या तुकडीत नाव देतो आणि डॅलसच्या उत्तरात ‘हे अपेक्षितच होते’ असा सूर आहे. बाकीचे कलमामुळे उतरतात.

२८/ उतरताना जहाजाचे नुकसान होते. दुरुस्तीसाठी खालच्या मजल्यावर पार्कर आणि ब्रेट. वरचे मजले पांढरे, खालचा काळपट, ओलसर, वाफेने भरलेला. रिप्ली पाहणीला येते. दोघे पुन्हा वाट्याचे विचारतात : या ग्रहावर काही मिळाले तर आम्हाला पूर्ण हिस्सा मिळणार का? फुसफुसणाऱ्या वाफेत तिला ओरडून बोलावे लागते. ती सांगते, कायद्यानेच तुमच्या हिश्शाची हमी दिली आहे. ती वैतागून निघून जाते. ती गेल्यावर पार्कर झडप फिरवतो आणि वाफ थांबते. इतका वेळ ती मुद्दामच सोडून ठेवली होती!

२९/ प्रसंग विनोदी आहे आणि बहुतेक जण हसून विसरतात. पण रिप्लीचे पात्र इथे उभे राहिले. ती लाघवी नाही. कामगारांची तिच्यावर माया नाही, तिचीही त्यांच्यावर नाही. नियम मात्र ती सगळ्यांना सारखा लावते. याआधी इतर जण वाद घालत असतानाही अंटार्क्टिकाच्या वाहतूक नियंत्रणाला हाका मारत बसलेली तीच होती. पुढे केन बेशुद्ध होऊन दाराशी येतो, कॅप्टन आज्ञा देतो की दार उघड, आणि ती चोवीस तासांच्या विलगीकरणाचा नियम दाखवून नकार देते. पहिल्यांदा पाहताना ती निर्दय वाटते. खालच्या मजल्यावर पार्करला कायदा सांगणारी हीच बाई होती, हे आठवले की सगळे जुळते. दार ॲश उघडतो.

३०/ आता ती टीप : कोणतेही पात्र कोणीही करू शकेल. ओबॅनन आणि शुसेट यांच्या मनातही नायक स्त्री नव्हता. तो निर्णय नंतर झाला. जानेवारी १९७८ मध्ये, चित्रीकरणाच्या काही महिने आधी, नासाने ३५ नव्या अंतराळवीरांची निवड जाहीर केली. त्यांत प्रथमच सहा स्त्रिया होत्या आणि प्रथमच आफ्रिकन-अमेरिकन पुरुष, तीन. सोव्हिएत संघाची व्हॅलेंतिना तेरेश्कोवा १९६३ मध्येच जाऊन आली होती. अमेरिकेची सॅली राइड १९८३ मध्ये गेली. म्हणजे न्याहारीच्या त्या टेबलावर दोन स्त्रिया आणि एक कृष्णवर्णीय तंत्रज्ञ बसले, तेव्हा एकही अमेरिकन स्त्री वा कृष्णवर्णीय अमेरिकन प्रत्यक्ष अंतराळात गेलेला नव्हता. चित्रपट त्याबद्दल एक अक्षरही बोलत नाही. त्या टेबलावर ही गोष्ट इतकी जुनी झाली आहे की तिची कोणाला नवलाई नाही.

३१/ शेवटी पुन्हा त्या रिकाम्या शिरस्त्राणाकडे. उत्तरार्धात रिप्ली एकटी मदरच्या खोलीत शिरते आणि पडद्यावर हुकूम वाचते : विशेष आदेश ९३७. त्या प्राण्याचा नमुना आणणे हे प्रथम कर्तव्य, बाकी सर्व दुय्यम, कर्मचारी गमावले तरी चालतील. याआधी डॅलसच्या तोंडून आपण ऐकलेले असते की जुना विज्ञान अधिकारी प्रवास सुरू होण्याच्या जेमतेम दोन दिवस आधी बदलला गेला आणि त्याच्या जागी ॲश आला. ॲश माणूस नाही, हेही लवकरच कळते.

३२/ हे समजल्यावर चित्रपट पुन्हा पहिल्यापासून लावा. तीच मार्गिका, तेच डुलणारे पक्षी, तीच झुळूक. पडदा उजळतो, काचेवर अक्षरे धावतात. पहिल्या वेळी हे केवळ वातावरण वाटले होते. आता दिसते की संदेश मिळाला आहे, जहाजाचा मार्ग बदलला आहे, निर्णय झाला आहे. झाकणे अजून उघडलेली नाहीत. पलीकडच्या खोलीत सात जण झोपलेले आहेत.